न्हाणीतला दगड

संडास-न्हाणीचं काम करणाऱ्या मिस्त्र्याला कोणी भाषणाला बोलावत नाही. देवळाचा कळस चढवणाऱ्याला शाल आणि नारळ मिळतो. आमच्या कामाचं उद्घाटन म्हणजे घरातला पहिला माणूस आत जातो आणि कडी लावून घेतो. त्यामुळे मंगरूळपीरच्या आमच्या वाचनालयाच्या मंडळींनी "मिस्त्री, दिवाळी अंकात तुमच्या कामाबद्दल लिहा" म्हटलं, तेव्हा मला वाटलं मस्करी चालली आहे. पण ते दोनदा घरी आले आणि तिसऱ्यांदा कोरे कागदच घेऊन आले. आता माझे गुडघे गेलेत, उकिडवं बसता येत नाही, म्हणजे धंदा संपला. लिहायला गुडघे लागत नाहीत, म्हणून बसलो.

पस्तीस वर्षांत नवी घरं मी थोडीच केली. माझ्या वाट्याला आली ती जुनी. एक भिंत दगडी, दोन मातीच्या, चौथी पडली म्हणून नंतर कोणीतरी विटांची उभी केलेली. अशा घरात काटकोन शोधायचा नसतो. सापडलाच तर समजावं की आपला काटकोन मापायचा गुण्याच बिघडला. चार फूट बाय सहा फुटांच्या न्हाणीत उभं राहून मालक मला मोबाइलवर फोटो दाखवतो. त्यात आमच्या अख्ख्या ओसरीएवढं बाथरूम असतं आणि कोपऱ्यात एक झाडाची कुंडी असते. मालकाला पॉट पाहिजे, बेसिन पाहिजे, गिझर पाहिजे आणि जमलं तर वॉशिंग मशीनही तिथेच. मी नाही म्हणत नाही. टेप काढून मोजायला लागतो. मोजता मोजता मालकाचं तोंड आपोआप उतरतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, टाइल चकचकीत बसली म्हणजे काम झालं. टाइल ही नुसती तोंडाला लावलेली पावडर. खरं काम तिच्या खाली असतं. पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल घ्यायची, लाइनदोरी ताणायची आणि सगळ्या जमिनीचा उतार पाणी जायच्या जाळीकडे नेऊन सोडायचा. त्याला आम्ही ढाळ म्हणतो. ढाळ डोळ्याला दिसू नये आणि पाण्याला मात्र समजावा, ही आमची परीक्षा. त्याच्याही खाली भरती असते. जुनी फरशी उकरली, विटा निघाल्या, चुन्याचे ढेपसे निघाले, तर ते गावाबाहेर नेऊन टाकणार कोण? आम्ही त्याच खड्ड्यात भरतो, वरून मुरूम घालतो, पाणी मारून ठोकतो आणि वर सिमेंट-खडीचा कोबा करतो. म्हणजे प्रत्येक नव्या बाथरूमच्या पोटात त्या घराची जुनी न्हाणी निजलेली असते. मालकाला ते माहीत नसतं, आणि आम्ही सांगत नाही.

गिऱ्हाइकं एकेक भेटली. मंगरूळपीरला एक मास्तर होते, त्यांनी पॉटचं तोंड तीनदा फिरवून घेतलं. पहिल्यांदा स्वतःच्या मनानं, दुसऱ्यांदा मेव्हण्याच्या सांगण्यावरून, तिसऱ्यांदा वास्तूचं पुस्तक वाचून. तिसऱ्या वेळी बसलेल्या माणसाचे गुडघे दारालाच टेकायला लागले. मी त्यांना म्हटलं, गुरुजी, आता दिशा बरोबर आहे, फक्त माणूस बसत नाही. शेवटी दार बाहेर उघडणारं केलं. आजही त्या घरात पाहुणा आत बसला की गुडघ्यांनी दार अर्धं उघडं राहतं आणि बाहेरच्यांना बोळीतून जाता येत नाही.

मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची गोष्ट वेगळी. घरच्यांनी हौसेनं बाथरूम करून घेतलं आणि कुलूप लावून सगळे ऊसतोडीला गेले. पाच-सहा महिन्यांनी परत आले तर घरात शिरवेना इतकी घाण सुटलेली. घरातल्या म्हातारबाबांनी सांगितलं की रिकाम्या घरात काहीतरी येऊन बसलं. कोंबडं कापायची तयारी झाली होती. मी गेलो आणि पॉटमध्ये बादलीभर पाणी ओतलं, दुसरं काही केलं नाही. पॉटच्या वाकड्या मानेत पाणी उभं असतं, तेच खालची घाण वर येऊ देत नाही. घर बंद राहिलं की ते आटतं. संध्याकाळपर्यंत वास गेला आणि कोंबडं वाचलं. सगळे माझ्या पाया पडायला लागले. मी मोठेपणानं हसलो. पण चूक माझीच होती, परत आल्यावर आधी बादलीभर पाणी ओता, एवढं एक वाक्य मी त्यांना सांगितलं नव्हतं.

या गोष्टी मी चारचौघांत बसून कितीदा सांगितल्या आहेत. आता जी लिहितो ती बायकोलाही सांगितलेली नाही.

आसेगावला दिनकरभाऊंचं घर. पंधरा एकर जमीन, घर जुनं पण धडधाकट. मुलाचं लग्न ठरलं होतं, मुलगी अकोल्याची. सोयरे घर पाहायला येणार होते. तिथली मागची न्हाणी आणि तिला लागून असलेला संडास, मधली भिंत पाडून दोन्हींचं एक बाथरूम करायचं, असं ठरलं. सोयाबीन निघालं होतं, पंधरा दिवसांत काम उरकायचं होतं.

त्या घरात दिनकरभाऊंच्या आत्या राहत. सगळे त्यांना आत्याबाई म्हणत. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला आणि त्या भावाच्या घरी परत आल्या, त्या तिथेच राहिल्या. दिनकरभाऊंना त्यांनीच अंगाखांद्यावर खेळवलेलं. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले होते, त्याला दहा-अकरा वर्षं झाली होती. पण मी पहिल्या दिवशी माप घ्यायला गेलो तेव्हा मला ते कळलंही नाही. त्या खाटेवरून उठल्या, ओसरी ओलांडली, उंबरा चढल्या, न्हाणीत गेल्या आणि थोड्या वेळानं हात पुसत परत आल्या. कुठे चाचपडल्या नाहीत. मला वाटलं, म्हातारीला थोडंफार दिसत असेल. दिनकरभाऊंच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, मग सांगितलं की आत्याबाईंना दिवस आहे की रात्र तेही कळत नाही. पण न्हाणी-संडासासाठी त्यांनी आजवर कोणाचा हात धरलेला नाही. त्याबाबतीत त्या फार कडक होत्या. दुसऱ्याच्या घरात आयुष्य काढलेल्या बाईला तेवढी एकच गोष्ट स्वतःची उरली होती.

हे ऐकून मी मान डोलावली आणि भिंती मोजायला लागलो. त्या कशाच्या आधारानं चालतात, हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

आधार होता तो न्हाणीतल्या दगडाचा. काळा, दोन-अडीच फुटांचा, अंघोळीला बसायचा दगड. पिढ्यान्‌पिढ्या पाय घासून त्याला एका अंगाला दोन खळगे पडले होते. त्या खळग्यांत पाय बसले की तोंड बरोबर संडासाच्या दाराकडे होई. डाव्या हाताला पाण्याचं टाकं, उजव्या हाताला चुन्याची खरबरीत भिंत. आत्याबाईंना डोळ्यांची गरजच नव्हती, सगळी न्हाणी त्यांना तळपायांनी पाठ होती. हे मला कळलं, पण नंतर.

आमच्या उस्तादांची एक शिकवण होती. ज्या दगडावर घरच्या पोरीबाळींना हळदीचं न्हाणं घातलं, त्या दगडावर घण मारायचा नाही. काढायची वेळ आलीच तर अख्खा काढायचा आणि त्याच जागी पालथा निजवायचा. आमच्याकडचे जुने मिस्त्री अजून पाळतात. मीही पाळली. मी आणि माझा जोडीदार किसन, दोघांनी पहारीनं तो दगड उचलला, पालथा करून भरतीत ठेवला आणि मुरूम टाकून दाबला. नियम पाळला याचं मला समाधानही वाटलं. वरून कोबा केला आणि टाइल बसवल्या. फिकट निळ्या, आरशासारख्या. भिंतींना छतापर्यंत त्याच. ढाळ असा उतरला होता की मी किसनला तीनदा पाणी ओतून दाखवलं.

सोयरे यायच्या आदल्या दिवशी मी शेवटचे सांधे पांढऱ्या सिमेंटनं भरत बसलो होतो. आत्याबाई आल्या. काम चालू असताना त्या भिंत धरून ओसरीलगतच्या तट्ट्याच्या आडोशाला जात, इथे पहिल्यांदाच येत होत्या. उंबऱ्यावर थांबल्या. आत एक पाय टाकला, मग दुसरा, आणि पाय इकडेतिकडे फिरवू लागल्या. मग भिंतीला हात लावला. एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर हात नेला.

"सगळीकडं सारखंच लागून राह्यलं," त्या म्हणाल्या. "मिस्त्री, दगड कुठी हाय?"

मी वर पाहिलं. दगड त्यांच्या पायाखालीच होता, वीतभर खोल. काढायचा म्हणजे सहा टाइल फोडायच्या आणि कोबा तोडायचा. उद्या सोयरे. आणि खरं सांगायचं तर ती जमीन इतकी सुरेख जमली होती की माझ्याच हातानं तिच्यावर छन्नी ठेवायची माझी तयारी नव्हती. तोंडातून सहज निघून गेलं.

"फुटला, आत्याबाई."

"फुटला? घन मारला का त्याच्यावर?"

किसन माझ्याकडे पाहत होता. मी हो म्हटलं.

"माहं न्हानं त्याच्यावरच झालं होतं," एवढंच त्या म्हणाल्या. मग भिंत धरत धरत वळल्या, आणि वळताना त्यांचा हात बेसिनला लागला. बेसिन कुठून आलं ते त्यांना कळेना. मी उठून त्यांना दारापर्यंत नेलं. त्या दहा-अकरा वर्षांत त्यांचा हात धरून न्हाणीबाहेर आणणारा पहिला माणूस मी.

सोयऱ्यांनी बाथरूमची फार तारीफ केली. एका पाहुण्यानं तर फोटो काढून नेला. दिनकरभाऊंनी मला सगळ्यांसमोर बोलावून ओळख करून दिली. मी हात जोडून उभा राहिलो आणि मला खूप बरं वाटलं, हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

लग्नानंतर महिन्याभरानं फ्लश नीट चालत नाही म्हणून पुन्हा गेलो. आत्याबाई खाटेवर होत्या आणि वाळून अर्ध्या झाल्या होत्या. सुमनवहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितलं. वहिनींनी काही कमी केलं नव्हतं. त्या स्वतः हात धरून न्यायच्या, नवी सून न्यायची, दोघींच्याही कपाळाला कधी आठी नव्हती. पण आत्याबाई हाकच मारत नव्हत्या. एकदा एकट्या गेल्या आणि पॉट समजून कोपऱ्यात बसल्या. नव्या सुनेनं ते धुतलं, त्या दिवसापासून त्यांनी पाणी पिणं तोडलं. सकाळी अर्धा कप चहा, जेवताना दोन घोट, बस. प्यायलंच नाही तर जावं लागणार नाही, असा त्यांचा हिशोब.

"मी म्हनलं, आत्याबाई, मी तुमच्या पोरीसारखी हाय ना," वहिनी सांगत होत्या. "तं म्हने, हो, पन पोरीलेही कायले सांगा."

हे ऐकून मी काय करायला पाहिजे होतं, ते उघड होतं. अर्ध्या दिवसाचं काम. सहा टाइल फुटल्या असत्या, त्या रंगाच्या पुन्हा मिळाल्या नसत्या, मधोमध एक काळा दगड दिसला असता. फार तर मालक रागावला असता, आणि मी खोटं बोललो हे घरात कळलं असतं. मी यातलं काही केलं नाही. वाशीमहून स्टीलचा एक दांडा आणला आणि पॉटशेजारी भिंतीत पक्का बसवून दिला, स्वतःहून. वहिनींनी माझे उपकार मानले. आत्याबाईंना नेऊन दांडा हातात दिला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत चाचपला आणि चांगला आहे म्हणाल्या. पण दांडा पॉटपाशी होता. उंबऱ्यापासून दांड्यापर्यंत जायला वाट कोणती, हे कोणत्या भिंतीवरून कळणार होतं?

उन्हाळ्यात त्यांना लघवीचा त्रास सुरू झाला. मग ताप, मग सूज. वाशीमच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी मूत्रपिंडं बिघडल्याचं सांगितलं. पाणी पाजा, पाणी पाजा म्हणत होते. घरी आणल्यावर आठ दिवसांत त्या गेल्या. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. मी तेरवीला गेलो होतो. पंगतीत जेवलो. हात धुवायला मला त्याच बाथरूममध्ये पाठवलं.

लोक म्हणतील, मिस्त्री, तुम्ही उगाच स्वतःला लावून घेता. म्हातारं माणूस, निमित्त काही होतं. मीही स्वतःला असंच सांगत होतो. एक पावसाळा सांगितलं, दुसरा सांगितला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर दिनकरभाऊंचा फोन आला की स्वयंपाकघराची भिंत ओली येऊन राहिली.

मी टाळायचा प्रयत्न केला. गुडघे दुखतात म्हटलं, दुसऱ्या मिस्त्र्याचं नाव सुचवलं. दिनकरभाऊ ऐकेनात. "तुमीच केलं, तुमीच पाहा," म्हणाले. किसनला घेऊन गेलो. ओल कुठून येते ते मला पाहताच कळलं. जाळीजवळच्या दोन टाइल खचल्या होत्या. फोडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. दोन वर्षांपूर्वी जी छन्नी माझ्या हातानं ठेवली गेली नाही, ती आता ठेवावीच लागली.

कोबा निघाला, मुरूम निघाला आणि काळा दगड दिसला. दगड पालथा ठेवताना खळग्यांखाली मुरूम नीट दाबला गेला नव्हता. तिथे पोकळी राहिली, पाणी मुरत गेलं, दगड एका अंगाला खचला आणि खचताना त्यानं पाइपचा सांधा ओढून सैल केला. पस्तीस वर्षांच्या मिस्त्र्यानं करायची चूक नव्हे ती. मी आणि किसननं पहार लावली, दिनकरभाऊंनी तिसरा हात दिला, आणि आम्ही तो दगड वर घेऊन सुलटा केला.

दगडाला कुठे टवकासुद्धा उडालेला नव्हता.

सुमनवहिनी चहा घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी कप तिथेच खाली ठेवले. कोपऱ्यातली बादली घेतली आणि दगडावर पाणी ओतून हातानं माती धुतली. दोन्ही खळगे उघडे झाले. लहान होते, बायकांच्या पायांचे.

"मिस्त्री, हा तं साबूत हाय," त्या म्हणाल्या.

किसन बाहेर निघून गेला. दिनकरभाऊंना आधी काही समजलं नाही, मग समजलं, आणि ते भिंतीकडे पाहत उभे राहिले. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मला आधार झाला असता. शिव्या त्यांनी घातल्या नाहीत.

"जायच्या दोन दिवस आधी मले म्हने," वहिनी खालच्या आवाजात सांगू लागल्या, "दगडाच्यापाई मिस्त्र्याले बोल लावू नोका. फुटला तं फुटला. त्यानं काय मुद्दाम केलं? त्याले मालूम नव्हतं."

एवढं बोलून त्यांनी पदरानं दगड पुसला. मी तिथेच ओल्या मातीत बसलो. रडलो असं मी म्हणणार नाही, पण उठता आलं नाही हे खरं. गुडघ्यांवर ढकलायची सोय होती, म्हणून ढकललं.

दिनकरभाऊंनी विचारलं, याचं आता काय करायचं. अंगणात टाकू, कपडे धुवायला होईल. वहिनींनी मान हलवली. "जिथी होता तिथीच बसवा," म्हणाल्या.

बसवला. त्या दिवशी मी कोणाला हात लावू दिला नाही. खालचा मुरूम तळहातानं दाबला, नळीनं चारही कोपऱ्यांची लेव्हल घेतली, खळगे आत्याबाईंच्या वेळी होते त्याच दिशेला ठेवले. निळ्या टाइलींत तो काळा दगड अगदी विजोड दिसतो. सून त्याला वळसा घालून जाते, मुलगा त्यावर पाय देत नाही, दिनकरभाऊ अंघोळीला बाहेरच्या नळावर बसतात. खळग्यांत थोडं पाणी साचतं, बाकी सगळं पाणी जाळीकडे सरळ जातं. इतका बरोबर ढाळ मी आयुष्यात दुसरा दिला नाही. त्यानंतर मी काम घेतलं नाही. लोकांना मी गुडघ्यांचं कारण सांगतो.